लेहच्या बाजारात लडाखचं काय मिळतं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

ताई, लेहमधल्या खरेदीवर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया पूर्ण वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की लेहमधलं सगळं लुधियाना-पानिपत-दिल्लीहून येतं, पश्मिना (बकरीच्या मऊ लोकरीची शाल) म्हणून व्हिस्कोज, म्हणजे कृत्रिम धागा, गळ्यात मारतात, जर्दाळू वाशी मार्केटमधे स्वस्त मिळतात, त्यामुळे तिकडे खरेदी करा असं लिहिणं म्हणजे वाचकांना खड्ड्यात घालणं. तुम्ही हजार रुपयांना 'प्युअर' म्हणून घेतलेल्या शालीला दोन धुण्यांत गोळे आले, त्यामुळे राग येणं साहजिक आहे, पण त्यावरून तिथे घेण्यासारखं काहीच नाही हे मला अजिबात पटत नाही.

बाहेरचा माल भरपूर आहे, त्यावर वाद नाही. फोर्ट रोड, चांगस्पा भागातल्या टुरिस्ट दुकानांतले खड्यांचे दागिने, याक छापलेले टीशर्ट, फ्लीसची जॅकेटं यातलं बहुतेक खालूनच येतं, श्रीनगर नाहीतर मनालीच्या रस्त्याने ट्रक भरून, आणि बर्फ पडला की ते रस्ते बराच काळ बंद, म्हणून थंडीच्या आधीच गोदामं भरून ठेवावी लागतात. मग साडेतीन हजार मीटरवर बिस्किटाच्या पुड्यापासून जॅकेटपर्यंत सगळ्याचा रेट थोडा चढा असणारच. त्यात दुकानदाराची लबाडी दरवेळी नसते हो.

पण लेहच्याच मेन बाजारात, जामा मशिदीच्या आसपास फूटपाथवर टोपल्या घेऊन बायका बसलेल्या असतात, आजूबाजूच्या गावांतून आलेल्या, त्यांच्याकडे बघितलंत का? पालक, सलगम, गाजरं आणि वाळवलेले जर्दाळू, जर्दाळूला तिकडे चुली म्हणतात. वाशीला जे गुबगुबीत, भडक केशरी जर्दाळू मिळतात ते बहुतेक तुर्कस्तानचे असतात आणि रंग टिकावा म्हणून त्यांना गंधकाची धुरी दिलेली असते. लडाखचे नुसते उन्हात वाळवलेले, तपकिरी, सुरकुतलेले, काहींच्या आत बी तशीच, दिसायला काहीच नाहीत पण एक तोंडात ठेवून बघा. त्यातही रक्तसे कारपो नावाची जात मागा, पांढऱ्या बीची, तिला जीआय (त्या भागाचीच म्हणून भौगोलिक मानांकन) मिळालाय आणि तिची आतली बी बदामासारखी गोड असते. इतर बऱ्याच जातींची बी कडू असते आणि त्या कडूपणात विषारी अंश असतो, म्हणून कडू लागली तर थुंकून टाका, पोरांना तर देऊच नका. आणि ताजी फळं जुलै-ऑगस्टमधे येतात, म्हणजे मे-जूनमधे जे सुके मिळतात ते आदल्या वर्षीचे, हे विक्रेतीला विचारलंत तर ती स्वतःच सांगते.

आता पश्मिना. पूर्व लडाखमधल्या चांगथांगच्या पठारावर चांगपा नावाचे भटके पशुपालक ज्या बकऱ्या पाळतात त्यांच्या अंगावर कडाक्याच्या थंडीमुळे केसांखाली जो मऊ थर येतो तो उन्हाळ्याच्या तोंडाला विंचरून काढतात. एका बकरीपासून साधारण पाव किलो, आणि राठ केस, माती काढली की त्यातलं निम्मंही उरत नाही. मग हाताने सूतकताई, मग विणकाम. एवढं सगळं करून शाल हजार रुपयांत कशी पडेल, तुम्हीच सांगा! आणि गंमत बघा, ही लोकर लडाखची पण नाव झालं काश्मीरचं, कारण 1684 च्या लडाख-तिबेटमधल्या तिंगमोसगांगच्या तहापासून हा माल काश्मीरकडे जायचं ठरूनच गेलं होतं, विणकर तिकडे आणि बकऱ्या इकडे. आता कुठे लडाखी बायका स्वतः कातून, विणून स्वतःच्या नावाने विकायला लागल्यात. लेहमधे लूम्स ऑफ लडाख म्हणून त्यांच्या सहकारी संस्थेचं दुकान आहे, तिथे जा. महाग वाटेल, घेऊ नका हवं तर, पण हात लावून बघा, हातकताईच्या सुताची जाडी कुठे कमी कुठे जास्त लागते, मशीनचं कसं एकसारखं गुळगुळीत असतं. अंगठीतून शाल ओढून दाखवतात ना, त्याला काही अर्थ नाही, पातळ व्हिस्कोजही आरामात जातं. आणि दोरा जाळल्यावर केस जळाल्याचा वास आला तर ती लोकर आहे एवढंच कळतं, साध्या मेंढीचीही तशीच जळते. बजेट कमी असेल तर मेंढीच्या किंवा याकच्या लोकरीचे हातविणीचे मोजे घ्या, अस्सल असतात आणि परवडतात.

जुन्या मूर्ती, पोथ्या कोणी 'अँटिक' म्हणून दाखवल्या तर लांबच राहा, एकतर नकली असतात नाहीतर कुठल्यातरी गोम्पातून (बौद्ध मठातून) चोरीला गेलेल्या. शहतूश म्हटलं तर तिथून सरळ निघा, ती लोकर चिरू (तिबेटी हरीण) मारून काढतात आणि विकणं-घेणं दोन्ही गुन्हा आहे.

लेहच्या बाहेरचं गणित वेगळं. नुब्राला दिस्कितमधे बरा बाजार आहे, तुर्तुकला जर्दाळू आणि अक्रोड घरूनच मिळतात, पण पँगाँग, हानलेकडे जाताना औषधं, सेल, टॉर्च, सॅनिटरी पॅड, खाऊ सगळं लेहमधेच भरा, आणि कॅशसुद्धा, कारण रेंज नसली की यूपीआय बंद. आपलं प्रीपेड सिम तर लडाखमधे चालतच नाही, पोस्टपेड लागतं.

शेवटी तुम्ही विचारलंय की भाचा जानेवारीत चादर ट्रेकला (गोठलेल्या झंस्कार नदीवरून चालायचा ट्रेक) जातोय, तेव्हा लेहची दुकानं बंद असतात तर सगळं मुंबईतूनच घ्यावं का. टुरिस्ट भागातली बरीचशी बंद असतात, पण मेन बाजार आणि मोती मार्केट चालू असतं. थर्मल आणि चांगलं जॅकेट त्याच्या मापाचं मुंबईतूनच असू दे, गमबूट मात्र मोती मार्केटमधून घ्यायला सांगा, ट्रेकवाले तिथूनच घेतात. दोन जोड मोजे घालूनच बूट ट्राय करायचा, एक नंबर मोठा घ्यायचा, आणि उंचीची सवय व्हावी म्हणून पहिल्या दिवशी धावपळ न करता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाजारात जायचं.