उतरून जायचा किल्ला

रोज पहाटे अजिंक्यतारा चढणाऱ्या बाबांना जर्मनीतले किल्ले दाखवण्याचा बेत मी कोणत्या मुहूर्तावर आखला, ते आता आठवत नाही. ऱ्हाइनकाठचा मार्क्सबुर्ग कधीच उद्ध्वस्त झाला नाही, असे गाईडबाईंनी अभिमानाने सांगितले, तेव्हा बाबा पुटपुटले, "म्हणजे नीट लढाईच झाली नसणार."

दुसऱ्या दिवशी मोझेल नदीजवळचा बुर्ग एल्ट्झ होता. हा किल्ला दरीत, तिन्ही बाजूंनी ओढ्याने वेढलेल्या कातळावर उभा असल्यामुळे वाहनतळावरून तिथे चक्क उतरून जावे लागते. बसचे भाडे बाबांनी शंभराने गुणले आणि आम्ही चालत निघालो. गड उतरताना लागतो, याचाच अर्थ तो परतताना चढायचा असतो, हे गणित मात्र कोणीच केले नाही.

साडेआठशेहून अधिक वर्षे ही वास्तू एकाच घराण्याकडे आहे आणि 1268 मध्ये भावाभावांत वाटण्या होऊनही तिन्ही शाखा एकाच चौकाभोवती नांदल्या, हे ऐकताच बाबांची पाठदुखी थांबली. आमच्या साताऱ्याच्या वाड्याच्या अकरा खोल्यांचा दावा माझ्या मुंजीपासून कोर्टात आहे. "सामाईक जिन्याच्या वहिवाटीचं यांनी काय केलं, ते विचार," असे त्यांनी फर्मावले. 'वहिवाट' या शब्दाला जर्मन प्रतिशब्द शोधता शोधता मला घाम फुटला आणि मागचे वीस पर्यटक आमचा खटला तन्मयतेने ऐकू लागले. अशा किल्ल्यांत भाऊबंदांमध्ये 'बुर्गफ्रीडन' नावाचा लेखी करार होत असे आणि आवारात शस्त्र उपसायला बंदी असे, एवढे उत्तर मिळाले. "आमच्याकडे शस्त्र नव्हतं, वकील होता," बाबा म्हणाले.

आईचे लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे होते. तिला तासभर ज्या सोयीची गरज होती, तशा वीसेक सोयी या किल्ल्यात मध्ययुगापासून होत्या. फक्त त्या पाहण्यासाठी होत्या, वापरण्यासाठी नव्हत्या.

परतीच्या चढाकडे एकदा पाहून बाबांनी "हिचे गुडघे दुखतात" असे जाहीर केले. आई त्याआधीच बसच्या रांगेत जाऊन उभी होती. बसमध्ये बाबा त्या कराराबद्दल भारावून बोलत राहिले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "अहो, करारबिरार काही नाही. त्यांच्याकडे वीस संडास होते. आपल्या वाड्यात तिघा भावांना मिळून एक आहे."