जोलीनने डॉलीचा नवरा पळवलाच नव्हता

“बँकेतल्या जोलीन नावाच्या बाईने अमेरिकन गायिका डॉली पार्टनचा नवरा पळवला. त्या दुःखात डॉलीने ‘जोलीन’ हे गाणं लिहिलं आणि मग नवऱ्याला निरोप देताना ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’.” ही गोष्ट इतक्यांदा पुढे पाठवली गेली आहे की आता ती खरीच वाटू लागली आहे.

आधी नवऱ्याचं पाहू, कारण ते चटकन आटपतं. डॉली आणि कार्ल डीन यांचं लग्न ३० मे १९६६ ला झालं. कार्ल मार्च २०२५ मध्ये वारला. म्हणजे जवळजवळ ५९ वर्षांचा संसार. पळवलेला नवरा इतकी वर्षं घरात कसा राहिला?

बँकेतली बाई मात्र खरी, हे मान्य करायलाच हवं. नवीन लग्न झालेलं असताना बँकेत काम करणारी तांबड्या केसांची एक बाई कार्लवर लट्टू झाली होती. ती त्याची फार विचारपूस करायची आणि त्यालाही बँकेत जायची गोडी लागली होती. डॉली त्याला चिडवायची, की सारखं बँकेत जायला आपल्याकडे एवढा पैसा आहे तरी कुठे! हे तिने स्वतः मुलाखतींमध्ये हसत हसत सांगितलंय. घरातली थट्टाच ती.

पण तिचं नाव जोलीन नव्हतं. ते नाव आलं एका लहान मुलीकडून. कार्यक्रमानंतर आठेक वर्षांची एक पोरगी सही घ्यायला आली. केस तांबडे, रंग गोरापान, डोळे हिरवे. डॉलीने नाव विचारलं, ते तिला भारी आवडलं, आणि यावर मी गाणं लिहीन असं तिने तिथेच सांगून टाकलं. नाव विसरू नये म्हणून ती ते घोकत राहिली. धृपदात हे नाव लागोपाठ चारदा येतं, ते ऐकताना मला तरी ते घोकणंच आठवतं. गाण्यातल्या त्या देखण्या बाईचे केस, कांती, डोळे हे सगळं या चिमुरडीचं आहे. तेव्हा ‘खरी जोलीन कोण’ याचं उत्तर एका माणसात मिळणारच नाही: रूप आणि नाव एकीचं, धास्ती दुसरीमुळे.

शिवाय गाणं नीट ऐका. नवरा झोपेत तिचं नाव घेतो, एवढंच. तो घर सोडत नाही, आणि जोलीन काय उत्तर देते तेही कळत नाही. बायको शिव्याशाप देत नाही, उलट तिच्या रूपाचं तोंड भरून कौतुक करते आणि माझ्या नवऱ्याला नेऊ नकोस म्हणून हात जोडते. पळवापळवी ऐकणाऱ्यांनी घुसडली.

राहिलं निरोपाचं गाणं. दोन्ही गाणी १९७३ मध्येच ध्वनिमुद्रित झाली, त्यामुळे त्यांची सांगड घालायचा मोह होतो खरा. पण निरोप कार्लला नव्हताच. तो होता पोर्टर वॅगनरला. १९६७ पासून डॉली त्याच्या टीव्ही कार्यक्रमात गात होती, तिला आता स्वतःची वाट धरायची होती आणि तो सोडायला तयार नव्हता. वाद घालून भागेना, तेव्हा तिने गाणं लिहून त्याला ऐकवलं. ऐकून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, असं ती सांगते. आपल्याकडे बहुतेकांना ते व्हिटनी ह्यूस्टनच्या १९९२ च्या आवाजात ठाऊक आहे, म्हणून ते प्रियकरासाठीचंच वाटतं. ज्याच्यासाठी ते लिहिलं, त्याने १९७९ मध्ये डॉलीवर ३० लाख डॉलरचा दावा ठोकला होता.