संधिवाताची गोळी भरल्या पोटीच? आधी कोणती गोळी ते सांगा

संधिवाताच्या रुग्णांमध्ये एक मेसेज जोरात फिरतोय. मजकूर साधारण असा: ‘संधिवाताची कुठलीही गोळी रोज भरल्या पोटीच घ्यावी. पोटात अन्न असलं की गोळी आतून लागत नाही, अल्सर होत नाही. तरीही त्रास झाला तर इंजेक्शन घ्यावं, ते पोटात जातच नाही.’ पाठोपाठ दुसरा शहाणा सांगतो की जेवणानंतर घेतलेली गोळी वाया जाते. माझ्या मते दोन्ही चूक, पण पहिला मेसेज जास्त धोक्याचा. तो अर्धा खरा आहे ना, म्हणून.

खरा भाग आधी मान्य करू. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन या पेनकिलर अनशापोटी घेतल्या की अनेकांना जळजळतं, मळमळतं. खाऊन घेतल्या तर हा त्रास कमी होतो. प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइडही खाऊनच घ्यायला सांगतात, तेही शक्यतो सकाळी.

पण जळजळ थांबली म्हणजे अल्सर टळला असं नाही, आणि मेसेज घसरतो तो इथेच. १९७१ मध्ये ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी दाखवलं की ॲस्पिरिनच्या जातीची औषधं (वरच्या पेनकिलर त्यातल्याच) शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होऊ देत नाहीत. सूज आणि दुखणं त्यामुळेच उतरतं. (या कामाबद्दल १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.) अडचण अशी की जठराच्या अस्तरावर संरक्षक थर राखण्याचं कामही प्रोस्टाग्लँडिनच करतं. गोळी पोटात विरघळून रक्तात जाते आणि रक्तातून फिरून जठराच्या अस्तरापर्यंत पोचते. ही वाट जेवणाने अडत नाही.

म्हणूनच इंजेक्शनचा सल्ला तर सपशेल फसवा. दंडात टोचा नाहीतर गुदद्वारातून द्या, औषध रक्तात गेलं की जठराचं संरक्षण तितकंच कमी होतं. ज्यांचं वय ६५ च्या वर आहे, ज्यांना आधी अल्सर झालाय, जे रक्त पातळ करणारं औषध किंवा स्टेरॉइड घेतात, त्यांनी ‘मी जेवून घेतो’ यावर विसंबून राहू नये. त्यांच्यासाठी डॉक्टर औषध बदलतात, डोस कमी करतात किंवा सोबत ओमेप्राझोल, पँटोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी देतात. ही गोळी मात्र जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी घ्यायची असते. एकाच चिठ्ठीत एक गोळी जेवणाआधी आणि एक नंतर दिसली, की लोक डॉक्टरांचीच चूक काढतात. चूक नसते ती. आणि शौच डांबरासारखं काळं झालं, किंवा उलटीत रक्त दिसलं, तर जेवणाआधी की नंतर हा वाद बाजूला ठेवून त्याच क्षणी दवाखाना गाठायचा.

‘जेवणानंतर गोळी वाया जाते’ याला थोडक्यात उत्तर. अन्नामुळे पेनकिलर रक्तात उशिरा पोचते. गोळी जठरात विरघळू नये म्हणून आवरण दिलेल्या डायक्लोफिनॅकच्या बाबतीत हा उशीर काही तासांचाही असू शकतो. एकूण शोषलं जाणारं औषध मात्र जवळपास तेवढंच राहतं. रोज ठरल्या वेळी गोळी घेणाऱ्याला त्याने फारसा फरक पडत नाही. लवकर उतार पडावा म्हणून ते आवरण फोडून गोळी चुरणं हा मात्र मूर्खपणा आहे.

आता ‘कुठलीही गोळी’ हे शब्द. संधिवाताच्या रुग्णाच्या डब्यात एकाच जातीची औषधं नसतात. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन जेवणासोबत किंवा दुधासोबत घेतात, सल्फासालाझिन जेवणानंतर. लेफ्लुनोमाइड, टोफासिटिनिब कसंही चालतं. उलट, स्टेरॉइडने हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिलेलं अलेन्ड्रोनेट जेवणानंतर घेतलं तर जवळजवळ फुकट जातं. ते सकाळी उठल्यावर अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायचं. पुढे किमान अर्धा तास काही खायचं नाही आणि आडवंही व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला इजा होते. मेसेजवर विश्वास ठेवून हे भरल्या पोटी घेणारा माणूस गोळी घेतोय खरा, पण त्याच्या हाडांपर्यंत फारसं काही पोचतच नाही.

आणि मेथोट्रेक्सेट. आमवातात (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, संधिवाताचा एक प्रकार) बहुतेकांना सुरुवातीला हेच मिळतं. ते जेवणाआधी घेतलं काय, नंतर घेतलं काय, फारसा फरक नाही. मळमळत असेल तर खाऊन घ्यावं. पण संधिवातात ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. मेसेजमधला ‘रोज’ हा शब्द कुणी या गोळीला लावला, तर तोंडात फोड येतात, अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होणं थांबतं, आणि अशा चुकीने माणसं दगावली आहेत. हा मेसेज कुणाला पुढे पाठवला असेल, तर निदान तो शब्द खोडून दुरुस्ती पाठवा, आणि मेथोट्रेक्सेटच्या पाकिटावर ठरलेला वार ठळक लिहून ठेवा.