लाटा एकमेकींना संपवत नाहीत, आणि ऊर्जा कुठेही गायब होत नाही

एक पोस्ट सध्या सगळीकडे फिरतेय. दोन लाटा उलट्या फेजमध्ये (एकीचा चढ तिथे दुसरीचा खड्डा) भेटल्या की एकमेकींना संपवतात आणि ऊर्जा गायब, सारख्या फेजमध्ये (चढावर चढ) भेटल्या की ऊर्जा चौपट म्हणजे फुकटात, पुरावा काय तर नॉइज कॅन्सलिंग, म्हणजे बाहेरचा आवाज दाबणारे हेडफोन, आणि म्हणून ऊर्जा अक्षय्यतेचा नियम खोटा. यातलं एकही टिकत नाही.

आधी "संपवतात" बघू. ताणलेल्या दोरीच्या एका टोकाकडून वरचा झटका द्या, दुसऱ्याकडून तेवढाच खालचा. मधोमध भेटतात तेव्हा दोरी क्षणभर सपाट दिसते, हे खरंय, पण ती थांबलेली नसते हो, तिथले कण त्या क्षणी एकट्या झटक्यात असतात त्याच्या दुप्पट वेगात असतात, म्हणजे दोघांची सगळी ऊर्जा तेव्हा गतीत असते. आणि पुढच्या क्षणी दोन्ही झटके जसेच्या तसे आपापल्या दिशेने निघून जातात. संपले असते तर पुढे गेलं कोण?

आता चौपट. उंची दुप्पट झाली की तीव्रता, म्हणजे तिथे पोचणारी ऊर्जा, एका लाटेच्या चौपट होते, मान्य. पण ते काही ठिकाणीच, बाकी ठिकाणी शून्य, आणि 4 आणि 0 ची सरासरी 2, म्हणजे दोन लाटांची बेरीज तेवढीच राहिली, फक्त वाटणी बदलली. 1803 मध्ये थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने सूर्यकिरणात पातळ कार्ड धरून त्याच्या सावलीत असेच उजेड-अंधाराचे पट्टे दाखवले होते, कार्डाच्या एका बाजूचा प्रकाश अडवला की सावलीतले पट्टे जायचे. कोणी म्हणेल, दोन स्पीकर अगदी चिकटवून ठेवले तर खालचे सूर सगळीकडेच वाढतात, त्याचं काय? बरोबर आहे, पण तेव्हा प्रत्येक स्पीकरला दुसऱ्याच्या दाबाविरुद्ध हवा ढकलावी लागते, तो जास्त काम करतो, आणि ती जादा ऊर्जा अँप्लिफायर देतो. फुकट काहीच नाही.

हेडफोनचं म्हणाल तर तो बॅटरीवर बाहेरच्या आवाजाच्या उलटा आवाज तयार करतो, कानापाशी दाबाची वरखाली कमी होते म्हणून कानात ऊर्जा कमी जाते, बाकीची परत फिरते किंवा स्पीकरच्या पडद्यात शोषली जाते.

आणि चष्म्याच्या अँटी-रिफ्लेक्शन कोटिंगवर, म्हणजे परत फिरणारा प्रकाश कमी करणाऱ्या पातळ थरावर, ही पोस्ट गप्पच आहे. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण 4 टक्के प्रकाश परत फिरतो, कोटिंगमुळे परत फिरणाऱ्या लाटा एकमेकींना काटतात, आणि तेवढाच प्रकाश काचेतून पलीकडे जास्त जातो.