रोलची शेवटची दहा मिनिटे: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

छपाई यंत्रावर प्लास्टिक फिल्मचा रोल उलगडताना लागणाऱ्या स्वयंचलित ताण-नियंत्रणावरील माझ्या लेखावर आपण मिरजेहून सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मी आभारी आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे, की जाणता ऑपरेटर पावडर ब्रेकचा (करंटच्या जोरावर रोलला रोखून धरणाऱ्या ब्रेकचा) नॉब हाताने फिरवून वर्षानुवर्षे चांगली छपाई काढत असताना कुपवाड-मिरजेतील लहान कारखानदारांना सेन्सरच्या खर्चात पाडू नये. आपल्या परिचयाच्या एका युनिटमध्ये लोड सेल (फिल्मवरचा ताण मोजणारा सेन्सर) बसवूनही फिल्म हेलकावतच राहिली. आणि वीज गेली की ही सारी यंत्रणा कुचकामी ठरते. तिन्ही मुद्दे वजनदार आहेत, परंतु पहिल्यातून आपण काढलेला निष्कर्ष मला पटत नाही.

चालत्या फिल्मवर तळहात टेकवून ताण ओळखणारे ऑपरेटर मीही पाहिले आहेत आणि त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. अडचण त्यांच्या कौशल्यात नाही, रोलच्या भूमितीत आहे. ब्रेकचा टॉर्क (रोलच्या फिरण्याला रोखणारा जोर) तोच राहिला तर रोलची त्रिज्या जितकी घटते तितक्याच पटीने फिल्मवरचा ताण वाढतो. म्हणजे ८०० मिलिमीटर व्यासाचा रोल १०० मिलिमीटरवर येईपर्यंत ताण आठपट होतो. मात्र ही वाढ सर्वत्र सारखी नसते, आणि माझा सगळा आग्रह याच गोष्टीसाठी आहे. २० मायक्रॉनची फिल्म मिनिटाला १२० मीटर वेगाने चालवली, तर व्यास ८०० वरून ७०० वर यायला सुमारे ४९ मिनिटे लागतात आणि तेवढ्या वेळात ताण जेमतेम १४ टक्के वाढतो. तोच व्यास २०० वरून १०० वर यायला दहा मिनिटेही लागत नाहीत आणि तेवढ्यात ताण दुप्पट होतो.

आता त्या दहा मिनिटांत आपला ऑपरेटर काय करत असतो ते आठवून पाहावे. नवा रोल शाफ्टवर चढवून तो मध्यावर आणायचा, वरचा खराब झालेला थर कापून टाकायचा, टोक सरळ करून त्यावर दुहेरी टेप लावून ठेवायची, या सगळ्या कामात त्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. ज्या वेळी नॉब सर्वांत अधिक फिरवावा लागतो, नेमक्या त्याच वेळी नॉबजवळ कोणी नसते. बीओपीपी (ताणून बनवलेली, कडक पॉलीप्रॉपिलीन) फिल्म ताणातली ही वाढ बऱ्याच अंशी सोसते. पण तिच्या मानाने कितीतरी मऊ असलेली एलडीपीई (कमी घनतेची पॉलिथीन) फिल्म, त्यातही एप्रिलच्या उन्हात तापलेल्या शेडमध्ये, ताणाखाली लांबते, लांबलेल्या अवस्थेत छापली जाते आणि ताण सुटल्यावर आखडते. मग छपाईचा रिपीट (एका छापील चित्राची लांबी) कमी भरतो आणि तासगावच्या बेदाण्याचा पाउच भरणाऱ्या यंत्रावर आय-मार्क (पाउच कुठे कापायचा हे यंत्राला दाखवणारी छापील खूण) जागेवर येत नाही. तक्रार तिथून येते, कारण मात्र आपल्या अनवाइंडरवर (रोल उलगडणाऱ्या भागावर) असते.

लोड सेल बसवूनही फिल्म का हेलकावते, हा आपला दुसरा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटला. पुष्कळदा नियंत्रकाची (सेन्सर पाहून ब्रेकचा करंट बदलणाऱ्या उपकरणाची) जुळणी भरलेल्या रोलवर केली जाते आणि तीच रोल संपेपर्यंत तशीच ठेवली जाते. ब्रेकच्या करंटमध्ये केलेल्या त्याच बदलाने लहान झालेल्या रोलवर ताण आठपट बदलतो. त्यामुळे भरल्या रोलवर शांत असलेला नियंत्रक शेवटी ताण कमी-जास्त करत डोलू लागतो. व्यासानुसार गेन (ताणातल्या फरकाला नियंत्रक किती जोराने उत्तर देतो ते प्रमाण) कमी होत जाईल अशी सोय नियंत्रकात असेल तर ती चालू करून घ्यावी. दुसरे कारण गोदामात सापडते. रोल बरेच दिवस जमिनीवर आडवे पडून राहिले की ते खालून चपटे होतात आणि प्रत्येक फेऱ्याला एक झटका देतात. हा झटका लोड सेलला दिसतो, पण ब्रेकने उत्तर देईपर्यंत तो निघून गेलेला असतो. तो गिळायला डान्सर रोलरच (फिल्मच्या ताणाबरोबर मागे-पुढे हलणारा रोलर) हवा, आणि रोल कोअरमधून (मधल्या नळीतून) पाइप घालून टांगून ठेवायला हवेत.

विजेविषयी आपण बरोबर आहात. करंट गेला की पावडर ब्रेक सुटतो आणि भरलेला रोल आपल्या जडत्वाने फिरत राहून फिल्म जमिनीवर सांडतो. पट्ट्याच्या जुन्या ब्रेकला हा धोका नव्हता. पण नॉबने चालणाऱ्या आपल्या पावडर ब्रेकलाही तो तितकाच आहे. ब्रेक आणि नियंत्रक यांच्यापुरता लहान यूपीएस हा दोघांनाही सारखाच लागू पडणारा उपाय आहे.

राहिला खर्च. प्रत्येक युनिटने लोड सेलच घ्यावा असे माझे म्हणणे नाही. कागद किंवा बीओपीपी चालवणाऱ्या लहान यंत्राला, आहे त्याच पावडर ब्रेकवर, रोलला टेकून राहणारा एक यांत्रिक दांडा किंवा व्यास मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर जोडून व्यासाच्या प्रमाणात करंट कमी करत नेला तरी बहुतेक काम भागते. एलडीपीईसाठी मात्र मी डान्सरखेरीज दुसरे काही सुचवणार नाही. ब्रेक निवडताना भरल्या रोलचा टॉर्क पाहिला जातो, पण कोअरजवळचा टॉर्क विसरला जातो: १०० न्यूटन ताणाला वरील रोलवर सुरुवातीला ४० न्यूटन-मीटर लागतात आणि शेवटी फक्त ५. गरजेपेक्षा फार मोठा ब्रेक घेतला तर तो इतक्या खाली स्थिर राहत नाही, आणि मग दोष सेन्सरला लागतो.

आपल्या यंत्रावरील फिल्मचा प्रकार, जाडी, रुंदी आणि रोलचा सर्वांत मोठा व्यास एवढे कळवलेत, तर आपल्याला कोणता ब्रेक पुरेल याचा हिशेब मी याच ठिकाणी मांडून देईन.