'एक हितचिंतक' यांस

दीर्घ आजार आणि डिप्रेशन, आणि ते चाचपायची पीएचक्यू-9 ही प्रश्नावली, यांवरच्या माझ्या मागच्या लेखावर 'एक हितचिंतक' लिहितात: "पीएचक्यू-9 मध्ये 10 नव्हे, 9 प्रश्न असतात. त्यातले थकवा, झोप, भूक हे संधिवाताच्या कुणालाही लागू पडतात, मग प्रत्येकाला डिप्रेशनच निघणार. माझे वडील 20 वर्षं मधुमेही होते, कधी कुरकुरले नाहीत. आजारपणाचं भांडवल करू नये."

नऊच प्रश्न. चूक माझी, दुरुस्त केली. (नावातच नऊ आहे, हेही खरं.)

आता भांडवल. काका (सुरावरून काकाच वाटता), भांडवल म्हटलं की नफा आला. तो कुठे ठेवलाय तेवढं सांगा. ऱ्हुमॅटॉइड संधिवाताला 14 वर्षं झाली. सकाळी दीड तास बोटं वळत नाहीत, चहाचा कप दोन्ही मनगटांत धरते. शनिवारी रात्री त्यावरचं औषध, मेथोट्रेक्सेट, घ्यायचं. रविवारी अख्खं इंदूर पोहे-जिलबी खातं, तेव्हा मला वासानंच मळमळतं.

बरं, हे झालं अंगाचं. एकदा न्हाणीघराची कडी आतून निघेना. घरात कोणी नव्हतं. अर्धा तास ओल्या कपड्यांत उभी होते, शेवटी कोपरानं ढकलून काढली. तेव्हापासून कडी लावायची भीती. मग कडी लावावी लागेल तिथे जायचीच भीती: रामबागेत मावशीकडे, लग्नात, गाडीत. डॉक्टर दर खेपेला सुजलेले सांधे मोजायचे. कडीचं कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. हे थकव्यात बसवता की भुकेत?

लक्षणांची सरमिसळ होते, ठाऊक आहे. म्हणून तर पहिले दोन प्रश्न कशात रस न वाटण्याचे आणि उदासीचे आहेत, आणि बेरीज 10 किंवा त्याहून जास्त आली तरी ते निदान नव्हे, डॉक्टरांना दाखवायचं. लेखात हे होतं. शेवटपर्यंत वाचायचा मात्र त्रास घ्यावा लागतो.

वडिलांबद्दल आदर आहे. पण मधुमेहींत डिप्रेशनचं प्रमाण इतरांच्या साधारण दुप्पट आढळतं, आणि ते सगळे काही कुरकुरत नाहीत. माझे सासरेही कुरकुरत नव्हते. इन्सुलिनच्या न फोडलेल्या कुप्या फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे सापडल्या, तेव्हा कळलं की तीन महिने त्यांनी एकही टोचून घेतली नव्हती. "कशाला आता" एवढंच म्हणाले.

पुढच्या खेपेला नाव घालून लिहा. मी माझ्या नावानं लिहिते.