‘अहो, त्याला सगळं कळतं!’

डोंगरात कुत्रं मोकळं सोडून चालणाऱ्या माणसाला ‘जरा पट्टा लावता का?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. ‘अहो, त्याला सगळं कळतं. आपल्यापेक्षा हुशार आहे तो.’ सपाटीवर मी या वाक्याशी वाद घालत नाही. पण दोन्ही बाजूंनी दरी असलेल्या खडकाळ धारेवर मला ते शुद्ध बेजबाबदार वाटतं. रागावणार असाल तर खुशाल रागवा, पण आधी पूर्ण वाचा.

माझी एक मैत्रीण भूशास्त्र शिकलेली आहे. तिची दोन कुत्री. भुरी वयाने मोठी, समंजस. काळूला थांबणं हा प्रकारच ठाऊक नाही. या तिघांबरोबर धारेवर जायचं म्हणजे चार पावलं चालायचं आणि थांबायचं. सुरुवातीला वैताग येतो, मग त्याचीच चटक लागते.

परवाची धार वालुकाश्माची होती. चढायच्या आधी तिने थरांचा कल बघितला. थर ज्या बाजूला कललेले असतात तिकडे खडकाची तिरकी, गुळगुळीत फरशी तयार होते. उलट्या बाजूला त्याच थरांच्या तुटक्या कडा बाहेर आलेल्या असतात. नवख्याला फरशी सोपी वाटते, कारण ती मोकळी दिसते. पण तिथे पाय सुटला तर अडवायला काहीच नसतं. तुटकी बाजू जास्त उभी आणि भीतीदायक, तरी माथ्याजवळून जाताना हाताला खोबण तिकडेच मिळते. काळूने अर्थातच फरशीकडे धाव घेतली. त्याची नखं खडकावर करकरली, मागचे पाय घसरले आणि हार्नेसच्या, म्हणजे छाती-पाठीभोवती बांधलेल्या पट्ट्याच्या, मुठीला धरून तिने त्याला जागच्या जागी थोपवला. गळपट्टा असता तर त्याला फास बसला असता. आता सांगा, नक्की काय कळत होतं त्याला?

पुढे एका फरशीवर ती गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, ‘हात फिरव.’ बोटभर रुंदीच्या वळ्या होत्या, एकीला लागून दुसरी. कधीकाळी उथळ पाण्याच्या तळाशी असलेल्या वाळूवर उठलेल्या या सुरकुत्या. वर गाळ बसला, वाळूचा खडक झाला, मग भूकवचाच्या हालचालींत सगळं उचललं गेलं आणि तिरपं झालं. वळीच्या दोन्ही बाजूंचा उतार सारखा असेल तर पाणी लाटांनी मागेपुढे हलत होतं, आणि एक बाजू जास्त उभी असेल तर ते एकाच दिशेने वाहत होतं. आमच्या वळ्यांची एक बाजू उभी होती. म्हणजे पाणी कुठून कुठे गेलं हे आम्ही बोटांनी चाचपून ओळखलं! भुरी तेवढ्यात शेजारच्या खळग्यातलं पावसाचं पाणी पिऊन मोकळी झाली.

दगडफुलाचंही तसंच, तेही जुन्या काळाची खूण सांगतं. खडकावर काळ्या रेघांनी आखलेले पिवळट हिरवे डाग दिसतात ना, त्या जातीचं दगडफूल बहुतेक ठिकाणी वर्षाला १ मिलिमीटरसुद्धा वाढत नाही. तळहाताएवढा डाग म्हणजे काही शतकांचा. भिजला की साबणासारखा निसरडा होतो, तेव्हा त्याच्यासाठीही आणि आपल्यासाठीही त्यावर पाय न दिलेला बरा.

आता कुत्र्यांचं. त्यांना घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांना, आणि त्याने अंग फारसं थंड होत नाही. बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. त्यांच्या अंगाचं तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं, ४१च्या वर गेलं की उष्माघात जिवावर बेततो. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर धापाही नीट टाकता येत नाहीत, त्यांना उन्हात धारेवर नेणं म्हणजे छळ आहे. खडक तापलाय का हे बघायला हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवायची. आपल्याला सोसवत नसेल तर त्यांनाही सोसणार नाही. आणि उतरताना जपायचं ते पुढच्या पायांना. सपाटीवरही शरीराचं सुमारे ६० टक्के वजन त्यांच्यावरच असतं, उतारावर आणखी वाढतं.

यातलं काहीही कुत्रं आपल्याला सांगत नाही. आपण पुढे निघालो की तेही निघतं. इंग्लंडमधल्या हेल्व्हेलिन डोंगरावर १८०५ साली चार्ल्स गॉफ नावाचा चित्रकार मरण पावला. त्याचा सांगाडा सापडला सुमारे तीन महिन्यांनी, आणि त्याची कुत्री तेव्हाही तिथेच होती. ही गोष्ट दोनशे वर्षं निष्ठेची म्हणून सांगितली जाते. मला त्यात दुसरंच दिसतं. कुठे जायचं हे तिने ठरवलं नव्हतं, आणि निघून जायचं हेही तिला ठरवता आलं नाही.

काही जण लगेच चिंगेलचं नाव काढतील. कूलिज आणि मेटा ब्रेव्हूर्ट या गिर्यारोहकांची ही कुत्री १८७५ मध्ये आल्प्समधल्या मों ब्लां शिखराच्या माथ्यावर पोहोचली होती. खरं आहे. पण ती मंडळी आल्प्समधल्या कसलेल्या वाटाड्यांना घेऊन चढायची, रविवारी सकाळी सुचलं म्हणून नाही.

आम्ही शिखरापर्यंत गेलो नाही. शेवटच्या टप्प्याआधी धारेत एक खाच होती. मैत्रीण एकटीच खाली उतरून बघून आली आणि म्हणाली, ‘हे दोघं चढतील, पण उतरणार नाहीत.’ विषय संपला. मला माथा हवा होता, नाही असं नाही. पण तिथे पुरुषभर उंचीवरून काळूला खाली कोण घेणार होतं?

‘आमचा टायगर तर सगळीकडे जातो’ हे खाली प्रतिक्रियांत येणारच आहे. जरूर लिहा. फक्त हार्नेस होता की नुसता पट्टा, आणि उतरताना त्याला कोणी धरलं होतं, तेही लिहा.